कल्याणी बुडालीच नाही

कोळंगरा गावच्या वाचनालयाचं एक पुस्तक वर्षभर परत आलं नव्हतं, आणि ते अडकलं होतं खुद्द जुन्या ग्रंथपालाच्याच घरात. दुसरा कुणी सभासद असता तर कुंजंबूंनी त्याच्या दारात ठाण मांडलं असतं. पण पुस्तक त्यांच्याच नावावर होतं आणि मागच्या ओणमनंतर आठच दिवसांत ते गेले. तेव्हापासून ते त्यांच्या बायकोच्या, रोहिणीअम्माच्या खिडकीत पडून होतं. शेवटची वीसेक पानं राहिली होती, तिथं नारळाच्या हिराची खूण होती. नवी ग्रंथपाल शमीना दर पंधरवड्याला यायची, कोरा चहा प्यायची, पुस्तकाकडे बघायची आणि न मागताच जायची.

रोहिणीअम्माचे डोळे काचबिंदूनं गेले त्याला अकरा वर्षं झाली. कुंजंबूच तिला रोज चारच्या चहानंतर वाचून दाखवायचे. ते गेल्यावर मुलगी प्रसीता वाचायला बसली, तर दोन पानांत आईनं हात जोडले. "बाई गं, तू वाचतेस की बस पकडतेस? राहू दे."

राहू दे म्हणाली खरी, पण जीव टांगणीला लागलेला. पुस्तकातला दीपगृहावरचा वेलू छोट्या होडीतून घरी निघाला होता, आभाळ भरून आलं होतं, बायको किनाऱ्यावर उभी होती. आणि तिथंच कुंजंबूंनी हीर घातला होता. वेलू पोचला की नाही, हे कळल्याशिवाय पुस्तक द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. कळणार कसं, ते मात्र ठरत नव्हतं.

तिनं लग्नच मुळी त्या आवाजाशी केलं होतं. दोघं तरुणपणी विडीच्या शेडमध्ये कामाला होते. तिथली रीत अशी, की एकानं उंच स्टुलावर बसून सगळ्यांना वाचून दाखवायचं, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या. कुंजंबूंच्या विड्या सर्वांत जास्त कोण वळतं, ते अख्ख्या शेडला दिसत होतं. ज्यांना दिसायला हवं होतं त्यांना तेवढं दोन वर्षं दिसलं नाही. गोष्टीत कुणी मरायला टेकलं की सगळ्यांचे हात थांबायचे. मग म्हातारा कोरन ओरडायचा, "ए कुंजंबू, सुट्टी होईपर्यंत कुणाला मारू नकोस रे! ढीग व्हायचाय अजून!"

पुढं ते वाचनालयात लागले आणि तिथंच म्हातारे झाले. खांद्याला कापडी पिशवी, काखेत छत्री, घरोघरी पायी पुस्तकं पोचवायची. प्रसीता लहान असताना तीही खांद्यावर असायची, आणि कुठल्या घरात केळ्याची भजी मिळतात हे तिला पुस्तकांच्या आधी पाठ झालं. शिस्तीला मात्र माणूस महाकडक. "लिहिणाऱ्यानं लिहिलंय ते लिहिलंय, आपण त्यात बोट घालायचं नाही," हे त्यांचं एकच पालुपद. सासऱ्यांनी एकदा एका कादंबरीच्या कडेला पेन्सिलीनं 'साफ खोटं!' असं लिहिलं, तर जावईबापू खोडरबर घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि ते पुसलं गेल्यावरच उठले.

संध्याकाळ झाली की मात्र चहाच्या टपरीवरचा रंगलेला वाद अर्धा टाकून घराकडे. "चालला बायकोच्या मुठीत!" मागून कुणीतरी टोमणा मारायचंच. "मूठ मोठी आहे बाबा, ऐसपैस राहतो," असं म्हणून ते चालू पडायचे. दिवसभर कोण काय म्हणालं ते ऐकायला रोहिणीअम्मा उंबऱ्यातच थांबलेली. "एवढा उशीर?" ती विचारायची. "चहा टाक, सांगतो," ते म्हणायचे. अख्खा संसार या दोन वाक्यांवर झाला म्हणा ना.

डोळे गेल्यावर त्यांनी तिला जी पहिली कादंबरी वाचून दाखवली, तिच्यात शेवटी नायिका गेली. रोहिणीअम्मा दोन दिवस जेवली नाही. कुंजंबू घाबरले. त्यानंतर मात्र काय योगायोग कोण जाणे, एकाही पुस्तकाचा शेवट वाईट निघाला नाही.

"हल्लीचे लेखक बरे झालेत हो," ती म्हणायची.

"सुधारलेत," म्हणून कुंजंबू कपात तोंड घालायचे.

त्यांना जाऊन वर्ष झालं तेव्हा वाचनालयात आठवणींची सभा ठेवली. फोटोला हार, बाकांवर माणसं दाटीवाटीनं, मागं चहाचं पातेलं. अध्यक्ष होते चंद्रांगदन मास्तर, शाळेतून निवृत्त झाले तरी वर्गातून न निघालेले. "रोहिणीएच्ची, दोन शब्द बोला," ते म्हणाले. गावात सगळे तिला एच्ची, म्हणजे ताई, आणि कुंजंबूंना एट्टा, म्हणजे दादा म्हणत. ती पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. पिशवीत ते पुस्तक होतं. इतक्या माणसांत कुणीतरी शेवट नीट वाचून दाखवेल, या आशेनं तिनं ते आणलं होतं.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "पण आमच्याकडे नाववाल्याच्या मुलीचं ते पुस्तक दोनदा वाचून झालं. कल्याणी पुरातून पोहून वर येते आणि पलीकडच्या काठावर शाळा काढते ना, तिथं यांचा आवाज असा लागायचा..."

बाकांवर चुळबुळ झाली. ते पुस्तक कुंजंबूंनी स्वतःच घरोघर पोचवलेलं, गावातल्या अर्ध्या लोकांना पाठ होतं.

मास्तरांना गप्प बसवेना. "एच्ची, कल्याणी बुडते. विसाव्या प्रकरणात."

"बुडत नाही."

"अहो, मी तीनदा वाचलंय!"

"मग तीनदा चुकीचं वाचलंत मास्तर. चष्मा बदला. कल्याणी बुडालीच नाही!"

सभेचं सभापण तिथंच संपलं. कुणी म्हणे बुडते, कुणी म्हणे एच्चींना बोलू द्या. शेवटी शमीनानं कपाटातून पुस्तक काढलं आणि शेवटचं पान हळू आवाजात वाचलं. कल्याणी बुडाली होती, चांगली तळाला गेली होती.

रोहिणीअम्मा उभीच होती. "आणि तो आंधळा गवई? त्याला मुलगा सापडतो ना?"

"नाही हो एच्ची," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते दोघे भाऊ?"

"एक फासावर जातो."

एकेक करून तिनं तेरा पुस्तकं विचारली. तेराही ठिकाणी घात झालेला. आई आता कोसळते की काय, म्हणून प्रसीता पुढं धावली, तर आई हसत होती. आधी पदराआड, मग खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "लबाड माणूस!" ती म्हणाली. "माझ्या बापापुढं खोडरबर घेऊन बसला, आणि स्वतः दहा वर्षं माझ्यासमोर बसून अख्खे शेवट खोडले! आवाज जरासुद्धा नाही हलला हो!" मग सगळी सभाच हसत सुटली. मास्तरांनी फोटोकडे बघून हात टेकले. "शाळा काढते म्हणे! कुंजंबूएट्टा, हे तुम्ही लिहून ठेवायला हवं होतं."

हसू ओसरलं, तेव्हा रोहिणीअम्मानं पिशवीतलं पुस्तक शमीनाला दिलं. "खूण आहे तिथून वाच. सावकाश." शमीनानं आधी गुपचूप शेवटचं पान उलटून पाहिलं. रोहिणीअम्माला दिसलं नाही, पण पानांची सळसळ ऐकू आली, आणि तिच्यानंतरचं गप्प होणंही.

"वेलू पोचत नाही ना?"

शमीनानं पानं परत खुणेपाशी आणली.

"नको सांगूस. वाच. लाट होडीत शिरेल तिथं थांब."

शमीना वाचत राहिली. मागं चहा उकळून आटला तरी कुणी उठलं नाही. होडीत लाट शिरली आणि शमीना थांबली. रोहिणीअम्मानं चाचपून तिच्या हातातलं पुस्तक मिटलं. तिला वर्षभर ज्याची भीती होती, ते आता तिच्याच हातात होतं.

"वेलू पोचला," ती म्हणाली. आवाज थोडा हलला, मग लागला. "नखशिखांत भिजलेला, होडी अर्धी फुटलेली, पण पोचला. बायको वाळूत उभीच होती. म्हणाली, एवढा उशीर? तर तो म्हणाला, चहा टाक, सांगतो."

प्रसीता तोंडाला पदर लावून रडत होती आणि तिला ते मुळीच वाईट वाटत नव्हतं.

रोहिणीअम्मानं हीर काढून आपल्या अंबाड्यात खोचला आणि पुस्तक शमीनापुढं केलं. "घे," ती म्हणाली, "आता जमा कर."