घराला एक लोंबी

आमच्या घराजवळचं पोर्तुगीज काळातलं चर्च मी इतकी वर्षं बाहेरूनच बघत होते. सप्टेंबरात मरियामातेच्या सणाला पहिल्यांदा आत गेले, तेही सात वर्षांच्या लेकीने हट्ट धरला म्हणून. मला चर्च दाखवायला ती घेऊन चालली होती!

मी नोकरीला सातिवलीला जाते. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत लेक शेजारच्या वाडीतल्या आंटींकडे असते. आंटींची दोन्ही मुलं परदेशात, त्यामुळे त्या जातील तिथे ही मागोमाग. त्यांना 'आजी' म्हणते. माझी आई सातारला बसून फोनची वाट बघते.

"आई, त्या फरशीवर पाय नको देऊ, खाली माणसं पुरलीत," लेकीने आत शिरताच बजावलं. फरशीवरची अक्षरं झिजून गेली होती. मग तिने वेदीवरचे सोनेरी देवदूत दाखवले, आणि दाराजवळचं दगडी पात्र. त्यात आंटींच्या आजोबांपासून सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला. त्या आजोबांचं नाव तिला पाठ होतं. माझ्या आजोबांचं तिने कधी विचारलंही नाही. चर्च सुंदर असेलही, माझा नुसता जळफळाट होत होता.

मिस्साची प्रार्थना सुरू झाली तशी ती आधीच आलेल्या आंटींना रेलून बसली. आंटींनी तिच्या कपाळावरचे केस हळूच मागे सारले, अगदी मी सारते तसे. माझा हात मांडीवरच राहिला.

शेवटी फादरांनी नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला. घराला एक लोंबी, अशी रीत. ती देवाच्या तसबिरीला लावायची आणि चार दाणे दुधात घालून घरातल्या सगळ्यांनी खायचे. वाटणाऱ्या म्हातारीने लेकीला विचारलं, "कोनाची गं तू?"

मी तोंड उघडेपर्यंत लेकीने आंटींकडे बोट केलं. लोंबी घेतली आणि सरळ त्यांच्या पिशवीत ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते.

बाहेर आल्यावर लेक मेणबत्त्या बघायला पळाली. आंटी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वाईट वाटलं ना तुला? मला रोज वाटते. संध्याकाळी तुझी स्कूटी वाजली का पोर हातातला घास टाकून पळते. मागे बघत पन नाय."

मला त्यांची दया यायला हवी होती. खरं सांगते, जिवाला गार वाटलं. पिशवीतून लोंबी काढून त्या मला देऊ लागल्या, तर मीच म्हटलं, राहू दे तुमच्याकडे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीच्या फाटकाशी स्कूटी थांबवली, आणि काही गरज नसताना हॉर्नही वाजवला.