मामांनी हुंगलेली पोथी

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मभरात एकाही तारखेवर विश्वास ठेवला नाही. लग्नपत्रिका आली की ते आधी पंचांग काढून तिथी आणि वार जुळतो का ते बघत आणि जुळला नाही तर खात्री करायला आदल्या दिवशीच कार्यालयात जाऊन उभे राहत. दुकानदाराने पाव ताजा म्हणून दिला की "कधीपासून ताजा?" असं विचारत. मला मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाला तेव्हा सगळे माझा पगार विचारत होते, मामांनी मात्र जन्मतारीख विचारली. मी एक जून म्हणालो. त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि भर बैठकीत म्हणाले, "मास्तरांनी लिहिलेली नको, खरी सांगा. अर्धा महाराष्ट्र एक जूनलाच जन्मलाय." माझ्या आईला खरी तारीख आठवेना. लग्न झालं, पण मामांच्या लेखी मी कायमचा संशयित राहिलो.

यात त्यांचा दोष नव्हता, नोकरीचा होता. सत्तरच्या दशकात खाडीकाठच्या गावांतल्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जात होत्या आणि मामा जुने कागद तपासायला एका कचेरीत बसत. मोडी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाचता यायची. करंजाड्याकडचा एक म्हातारा एकदा पिवळा पडलेला कागद घेऊन आला. "साहेब, ह्यो माज्या आज्याच्या येलचा कागद हाय. पानी लागून पिवला झालाय." मामांनी कागद नाकाला लावला. "आजा आल्याचा चहा प्यायचा का रे?" म्हातारा आधी गोंधळला, मग स्वतःच खो खो हसला आणि कागद खिशात घालून गेला. तेव्हापासून मामा कुठलाही कागद वाचण्याआधी हुंगत. निवृत्तीनंतर ते वाशीला राहायला आले आणि हुंगायला काही उरलं नाही म्हणून सोसायटीच्या नोटिशी हुंगू लागले.

अशा माणसाच्या डोक्यावरच, म्हणजे वरच्या मजल्यावर, एक सरदारजी राहत. त्यांचा तुर्भ्याला ट्रकचा धंदा होता. त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आईने फाळणीत घर सोडताना भांडी टाकली होती, दागिने टाकले होते, पण छातीशी धरून एक हस्तलिखित पोथी आणली होती. शिखांच्या पहिल्या गुरूंच्या आयुष्यातल्या गोष्टींची. शेवटच्या पानावर दुसऱ्या गुरूंच्या काळातला संवत होता, त्यामुळे ती गुरूंना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाच्या हातची, असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत. आता सरदारजींना ती गुरुद्वाऱ्याला द्यायची होती. काचेची पेटी तयार होती, पितळी पाटीवर तो संवत कोरायचा बाकी होता. "मामाजी, तुमी सरकारी मानूस. एक दाखला लिहून सही मारा, बास."

मामा सही मारणारे नव्हतेच. "मला अक्षर कळत नाही, तर सही कशावर करू?" म्हणून त्यांनी बासष्टाव्या वर्षी गुरुमुखी शिकायला घेतली, आणि शिकवायला कोण, तर ती म्हातारी. रोज दुपारी चार वाजता मामा डोक्याला रुमाल बांधून वर जात आणि "ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी" असं गिरवत बसत. ती त्यांना पटवारी, म्हणजे तलाठी म्हणायची आणि ते तिला बेबे, म्हणजे आई. "ओ पटवारी, पहले हाथ धो!" अक्षरं आल्यावर रेशमी कापडातून पोथी बाहेर निघाली, तेव्हा मामांनी आयुष्यात पहिल्यांदा परवानगी मागितली, "बेबे, जरा हुंगू का?" सरदारजी रागाने लाल झाले. म्हातारी म्हणाली, "सूंघ ले पुत्तर. बच्चे का सिर भी तो सूंघते हैं."

वासात काही लबाडी निघाली नाही. मामा अभ्यासासाठी पोथी एका शंभर पानी वहीत उतरवू लागले आणि तीन महिन्यांनी एका संध्याकाळी माझ्याकडे आले, ते घरात चोर सापडल्यासारखा चेहरा करून. "जावईबापू, गडबड आहे. शेवटून दुसऱ्या पानावर गुरूंच्या निधनाच्या तिथी दिल्यात. नवव्या गुरूंपर्यंत. तीच शाई, तोच हात. दुसऱ्या गुरूंच्या वेळी लिहिणाऱ्याला नववे गुरू कधी जाणार ते कसं ठाऊक?" मी म्हणालो, "मग खोटी म्हणायची?" कचेरीत असा कागद त्यांनी चिमटीत धरून परत केला असता. पण खोटं करणारा माणूस आपल्या हाताने पुरावा शेजारच्या पानावर ठेवत नाही, हेही त्यांना पटत होतं. आठ दिवस त्यांनी पंचांग उघडलं नाही. म्हातारीला काय सांगायचं, एवढंच त्यांना सुचत नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटली.

शेवटी मला घेऊन ते वर गेले. "बेबे, पोथी जुनी आहे, पण एवढी नाही. ही नक्कल आहे. नकलनवीसाने समोरच्या पोथीतली तारीखसुद्धा उतरवून घेतली असावी, आपली घातलीच नाही. ती समोरची तरी खरंच कधीची, ते मी सांगू शकत नाही." सरदारजी उठून गॅलरीत गेले. म्हातारी हसली. "साठ साल से पढ़ रही हूँ पटवारी. नौ तक गिनना मुझे भी आता है." मग पोथीवर हात ठेवून म्हणाली, "उस बंदे की एक अक्षर छोड़ने की हिम्मत नहीं हुई. तारीख कैसे छोड़ता?" पितळी पाटीवर नुसतं 'जुनी हस्तलिखित पोथी' असं कोरलं गेलं. सरदारजी वर्षभर मामांशी बोलले नाहीत. मामा मात्र रोज चारला वर जातच राहिले, आता तपासायला काही नसताना. पोथी गुरुद्वाऱ्यात जाईपर्यंत वहीत उतरवणं चालूच होतं.

आधी म्हातारी गेली, दोन वर्षांनी मामा गेले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख मी दोनदा वाचून पाहिली, त्यांच्या वतीने. कपाटात ती वही सापडली. मला गुरुमुखी येत नाही, म्हणून वर नेली. सरदारजींनी हात धुतले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि शेवटची पानं मोठ्याने वाचली. नऊ गुरूंच्या तिथी होत्या. त्याखाली निळ्या बॉलपेनने तोच दुसऱ्या गुरूंच्या काळातला संवत होता. मामांचं नाव नव्हतं. त्यांची तारीखही नव्हती.

मी त्या संवताखाली खरी तारीख घालायला खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं, माझ्याने लिहवेना. सरदारजींनी पोथीचं घरीच राहिलेलं ते जुनं रेशमी कापड काढून वही त्यात बांधली. बांधण्याआधी मी ती एकदा नाकाला लावली. तिला तपकिरीचा वास येत होता. शंभर वर्षांनी ती ज्याच्या हाती पडेल, त्याने तारखेवर विश्वास ठेवण्याआधी ती एकदा हुंगावी, एवढीच माझी इच्छा आहे.