मूठभर मीठ आणि वालाचा डीएनए

माझ्या धाकट्या जावेच्या भावासारखा पाहुणा पेणपासून रोह्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या घरी येत नसेल. रोह्याला कॉलेजात विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, आता तिथेच जवळ वरसे गावात राहतात. पाहुणे पिशवीतून बिस्किटं आणतात, ते बॅटऱ्या आणि वायरी आणायचे. जेवताना बिरड्यातला एक वाल बोटांत धरून म्हणतात, "आई, यात डीएनए आहे. वालाने वाल कसं व्हायचं, ते सगळं यात." सासूबाई म्हणतात, "पयलं खावा, मंग इचारा त्याला." एकदा त्यांनी दूधवाल्याला दारात थांबवून हेच समजावलं. पुढच्या घरांना त्या दिवशी कोरा चहा प्यावा लागला.

मागच्या थंडीत ते आले ते बहिणीचं सामान न्यायला. दिराची रोह्याला कंपनीत शिफ्ट, रोजचं जाणंयेणं झेपेना, म्हणून जाऊ वरसेला बिऱ्हाड करणार होती. इतकी वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर राबलो. तिने जाऊ नये असं मला फार वाटत होतं, पण मला चारचौघांत बोलता येत नाही. मी नुसती तिची भांडी बांधत होते.

टेम्पोला अवकाश होता, तेवढ्यात तिच्या भावाने ओट्यावर प्रयोग मांडला. मोड आलेले वाल ठेचून, साबणाच्या पाण्यात कालवून, वरून स्पिरिट सोडून पांढरा धागा काढला. डब्यात जेलीची वडी, तिच्या खाचेत तो धागा विरघळवून भरला, वर हलकंसं खारं पाणी आणि दोन्ही टोकांना बॅटऱ्यांच्या वायरी. "याच्या अंगावर ऋण भार असतो," ते म्हणाले. "धन टोकाकडे जाणारच. टेम्पो यायच्या आत बघा!" ते हात धुवायला वळले, तशी सासूबाईंनी पाण्यात बोट बुडवून चाखलं. "आळणी! मिठागरवाल्यांच्या घरात?" आणि आपल्या आगरातलं मूठभर मीठ त्यात टाकलं.

पाणी फसफसलं, बॅटऱ्या तापल्या, जेली मऊ पडली. शेवटी निळा रंग लावून पाहिलं, तर डीएनएचा पट्टा होता तिथेच. आता पाहुणे रागावणार असं मला वाटलं. त्यांनी तर टाळी वाजवली. "आई, तुम्ही त्याला धरूनच ठेवलंत! मीठ वाढलं की ते त्याच्याभोवती दाटून बसतं, त्याचा भार झाकतं. ओढ लागते, पण जेमतेम. वीज सगळी मिठातूनच पळते आणि पाणी तापवते."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग हिच्याभोवती कुणी मीठ टाकलं नाय ते?"

जाऊ हातातलं गाठोडं टाकून माझ्या गळ्यात पडली. "ताई गो, आता बोलतेस व्हय? टेम्पो दारात आल्यावर?"

ती गेली, जायलाच हवं होतं. नवं मीठ निघालं की मी वरसेला पिशवी पाठवते. तिच्या भावाचे हात आता थरथरतात, वायरी जोडणं होत नाही. फोन मात्र तेच करतात. "ताई, मीठ पोचलं," म्हणतात, "धागा आहे तिथेच आहे."