माघारीचा विषय

आमच्या गाईडबाईंना पहिल्या झटक्यात ज्याचा विषय पसंत पडला, असा विद्यार्थी मी तरी पाहिला नाही. बाई नांदेडला व्यवस्थापनशास्त्र शिकवायच्या. मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो, पीएच.डी.शिवाय नोकरी पक्की होणार नव्हती. एसटीनं धक्के खात नांदेड गाठायचो, विषय पुढे ठेवायचो. बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "झालंय हे. दुसरं आण."

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली कोचिंग क्लास उघडत होते. मी मोठ्या खात्रीनं 'क्लासेसच्या वाढीची धोरणं' हा विषय नेला. बाई म्हणाल्या, "वाढीवर सगळेच लिहून राहिलेत. चालता धंदा माणूस बंद कधी करतो, कसं ठरवतो, ते बघ. तिकडं कुणी फिरकत न्हाई."

का फिरकत नाही, ते मला लवकरच कळलं. क्लास बंद केलेले सर भेटतच नसत. भेटले तरी "तब्येतीमुळं" एवढंच सांगून चहा पाजत. मी वैतागून म्हणालो, "बाई, कुणी बोलतच नाही हो!"

"मग तू गप बसायला शीक."

शेवटी त्या स्वतःच सोबत आल्या. अहमदपूरच्या एका सरांनी भरलेला क्लास बंद केला होता. बाई त्यांच्या ओसरीवर शेंगा फोडत पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसल्या. मी आतल्या आत धुमसत होतो. बऱ्याच वेळानं सर आपणहून म्हणाले, "पोरं लई झाली, बाई. एकाचंही नाव ध्यानात राहीना. मग कशाला शिकवायचं?"

परतताना बाईंनी धाकट्या भावाचं सांगितलं. भूकंपात त्याचं कापडाचं दुकान पडलं. नव्या गावठाणात जागा मिळत होती, तरी त्यानं दुकान पुन्हा मांडलं नाही. लातुरात नोकरी धरली. "लोक म्हणले, हाय खाल्ली. मरेपर्यंत म्हणले. अरे, त्याचं निम्मं गिऱ्हाईक मातीखाली गेलं होतं. विचार करून ठरवलं होतं त्यानं. आपल्या शास्त्रात ह्याला माघारसुद्धा म्हणत न्हाईत, अपयश म्हणतात."

आणि माझा प्रबंध अर्धा असताना बाईंनीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला ते ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं! बाई मुखेडला, आपल्या घरी निघून गेल्या. नवे गाईडसर म्हणाले, "विषय वाढीकडं वळवा, लवकर सुटाल." मी नाही म्हणालो, आणि एसटीत बसल्यावर बाईंवर मनसोक्त चिडलो. त्या वर्षी कॉलेजातली पक्की जागा दुसऱ्याला मिळाली.

पुढं प्रबंध पुरा झाला. त्यातलं भूकंपानंतर न उघडलेल्या दुकानांवरचं प्रकरण बाईंनी मुखेडच्या घरात दुपारभर वाचलं. डोळे पुसले. आता तरी 'छान' म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो.

"ह्यात बायका कुठं हायत?" त्या म्हणाल्या. "दुकानं काय एकट्या पुरुषांनीच बंद केली? माझ्या भावजयीला विचारलंस?"

मी कोपरापासून हात जोडले. बाई वारल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्या भावजयीपासून सुरुवात केली होती. दुकानं बंद झालेल्या घरांतल्या बायकांकडे मी अजून जातो आहे.