तिसरा सरेपर्यंत

आमच्याकडे दिवस गेले की तीन महिने तोंड बंद. दृष्ट लागते म्हणे. ताईने बातमी आणली तेव्हा आईने जोगेश्वरीच्या आमच्या खोलीचं दार लोटलं आणि म्हणाली, "कोणाक सांगू नको गो. तिसरो सरांदे." दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच, रांगेत निम्मी चाळ. म्हणून ताई तिकडेही फिरकली नाही. मला तर सगळ्यात शेवटी कळलं. मला! जी बायकांच्या आरोग्याची पत्रकं वाटत दारोदार फिरते.

चौथा सरल्यावर ताईने दवाखान्यात नाव घातलं. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "तिसऱ्यातच यायचं ना! तेव्हा रक्तातले काही घटक तपासले की पुढे बीपी चढेल का, याचा अंदाज येतो. धोका दिसला तर लगेच गोळी सुरू करतो. आता ती वेळ गेली."

आणि ती तपासणी तरी कुठे? इथे नाहीच. अंधेरीच्या खासगी लॅबमध्ये. चाळीतल्या एकीनेही त्या तपासणीचं नाव ऐकलं नव्हतं. कोणी सांगितलंच नाही, तर ऐकणार कुठून?

सातव्यात डोहाळजेवण. हिरव्या बांगड्या ताईच्या हातात जाईनात. साबण लावून चढवल्या. "बाळसं आईलाच आलंय गं!" बायका खिदळल्या. ताई हसली नाही. "डोकं ठणकतंय," एवढंच म्हणाली. आई म्हणाली, दगदग झाली, पड जरा.

त्याच आठवड्यात बीपी चढून तिला झटके आले. सुजलेल्या हाताला सलाइन लावायचं म्हणून नर्सने बांगड्या फोडल्या, तेव्हा आई ओरडली. ताई वाचली. बाळ नाही.

तपासणी झाली असती तर वाचलंच असतं, असं छातीठोकपणे कुणीच सांगत नाही. मीही पत्रकात तसं लिहिणार नाही. पण आमचं तर तपासून बघायचंच राहिलं.

परवा वहिनी मोरीत ओकत होती. आई लगबगीने उठली, दार लावायला.

"आये, दार उघडं ठेव." ताई कॉटवरून बोलली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मग वहिनीला, "चल, चप्पल घाल."

"लोक इचारतीत गो," आई म्हणाली.

"विचारू देत. सांग, रक्त तपासायला गेल्यात."

दोघी भर गल्लीतून गेल्या. ताईने वहिनीचा हात धरला होता. तिच्या स्वतःच्या मनगटात अजून बांगड्या नव्हत्या.