शिवणीतलं जादा कापड

सदर इसम स्त्री असून वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. उंची चार फूट अकरा इंच, वजन एकोणचाळीस किलो व उतरते. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा. व्यवसाय: निरंक. सदर इसमाने पूर्ण शुद्धीत पुढील उपचारास नकार दिला असून नकाराचे कारण छापील चार पर्यायांत बसत नसल्याने लिहिलेले नाही.

'निरंक' ही नोंद रुग्णालयाच्या कारकुनाची. या इसमाने साठ वर्षं चपलांच्या दुकानावरच्या खोलीत बसून अर्ध्या शहराचे कपडे शिवले होते आणि खुद्द कारकुनाची पँट दोनदा सैल करून दिली होती. पण फॉर्म भरताना तो बसलेला होता आणि बसताना त्याला काहीच अडचण आली नव्हती, त्यामुळे आठवण झाली नसावी.

लोक तिला टेलरबाई म्हणत. तिची खरी कारागिरी कपड्याच्या आतल्या बाजूला असे. इतर शिंपी शिवणीच्या आत बोटभर कापड सोडत. ती माणूस बघून सोडे. शाळकरी पोराच्या पँटला खाली चार बोटं, नवरदेवाच्या कोटाला दोन्ही अंगांना तीन-तीन, आणि नुकती बढती मिळालेल्या साहेबाला कापड पुरेल तेवढं. तोंडाने अवाक्षर काढायची नाही. पाच-सहा वर्षांनी तोच माणूस पोट आत ओढून जिना चढे.

"बाई, कापड आटलंय बहुतेक."

"हो ना, हल्लीची कापडंच तसली," म्हणत ती शिवण उसवे, आणि आत त्याचं पोट सहा वर्षांपासून त्याची वाट बघत असे.

गेल्या वर्षी उलटं सुरू झालं. तिचेच कपडे तिला सैल होऊ लागले. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. उपचार घेतले तर दोन-तीन महिने जास्त मिळतील, पण ते बहुतेक इथेच, या कॉटवर. टेलरबाईने कॉट एकदा नीट पाहून घेतली.

"नको," ती म्हणाली. "माझ्या खोलीत उजेड बरा येतो."

तिची लेक पोस्टात खिडकीवर बसते. पन्नाशीची, एकटी, कुणी रांग मोडली तर आवाज न चढवता त्याला शेवटी धाडणारी. घरी आल्यावर ती म्हणाली, "सही तू केलीयस, मी नाही." आणि तिने परस्पर सोमवारची कॉट ठरवून टाकली. आईला उचलून न्यायला आता फारशी ताकद लागणार नव्हती. हे तिला ठाऊक होतं, आणि नेमकं तेवढंच सोसत नव्हतं.

शनिवारी आई म्हणाली, "एक गाऊन शिव गं मला. जुन्यांच्या घड्या पाठीखाली येतात."

लेक तीस वर्षांनी मशीनवर बसली. दोरा तीनदा तुटला. आई पलंगावरून सूचना देत होती, लेक त्या मोडत होती, आणि संध्याकाळपर्यंत गाऊन तयार झाला. सुती, फिकट निळा, पुढून उघडणारा. टेलरबाईने तो हातात घेऊन आधी उलटा केला. बाहेरून कपडा बघायची तिला सवयच नव्हती. शिवणीवरून बोट फिरवताना ते मध्येच थांबलं. आत दोन्ही अंगांना सहा-सहा बोटं कापड होतं.

"हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. अंग धरशील पुन्हा. मग उसवू."

"बढती मिळालीय का मला?"

लेक हसली नाही. "असू दे ना आई. आत तर आहे. कुणाला दिसतंय?"

"पडून राहणाऱ्याला टोचतं ते," आई म्हणाली. "कात्री दे."

त्या घरात जादा कापड कधी कापून टाकलं गेलं नव्हतं. साठ वर्षांत एकदाही नाही. लेकीने कात्री दिली ती बहुधा आईला पेलणार नाही या भरवशावर. हात थरथरत होता, थरथरतच राहिला. बगलेपासून खालच्या काठापर्यंत जायला तिला वीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा ती दम खायला थांबली, कात्री तशीच कापडात धरून. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, धीराचा आवही नव्हता. सुईत दोरा ओवताना असतो तसा चेहरा होता. निळी पट्टी चादरीवर गळून पडली तेव्हा लेकीने शिवणीची कड उजेडात धरून पाहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती सरळ होती. थरथरत्या हाताने हे कसं झालं, ते तिला आजही सांगता येत नाही.

"दुसरी बाजू तू काप," आई म्हणाली. "मी दमले."

लेक बराच वेळ कात्री घेऊन नुसती बसली. मग तिने कापलं. तिची कड वाकडीतिकडी आली.

"पोस्टात आहेस तेच बरंय," आई म्हणाली आणि झोपली.

सोमवारी सकाळी लेकीने रुग्णालयाला फोन केला. कॉट दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाली. त्यानंतर टेलरबाई चोवीस दिवस खिडकीपाशी, उजेडात होती. जुनी गिऱ्हाइकं जिना चढून भेटायला येत आणि ती पडल्यापडल्या त्यांच्या कपड्यांकडे बघून कुठल्या शिवणीत अजून जागा आहे ते सांगे.

शेवटच्या दाखल्यावर त्याच कारकुनाने व्यवसायाच्या रकान्यात पुन्हा 'निरंक' लिहिलं. वजनाचा रकाना त्याने मोकळा सोडला.

गाऊन तिला अंगाबरोबर बसला होता.