निष्क्रिय ठोकळे

"ह्याला जमलं म्हणजे कोणालाही जमेल."

सर माझ्याकडे बोट करून म्हणाले. पेणला, रामवाडीतल्या आमच्या ऑफिसात. दोन कंपन्यांची माणसं आपापलं सॉफ्टवेअर दाखवायला आली होती. ते वापरायला सोपं आहे का, हे तपासायचं होतं. त्यासाठी मला पुढे बसवलं होतं. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो.

पाहुण्यांतल्या एका मॅडमनी मला अहो म्हणून विचारलं, तुम्ही कुठे शिकलात. मी तोंड उघडलं. सरच बोलले.

"राखीव कोट्यातून."

पुन्हा हसू. या वेळी जरा कमी. मॅडम खाली बघायला लागल्या. मी माउस हातात घेतला आणि कामाला लागलो.

मी पेट्रोलियम इंजिनियर आहे. जमिनीखाली खोल खडकातून तेल, वायू, पाणी कसं सरकतं त्याचा हिशेब संगणकावर मांडायचा, हे माझं काम. निम्मं आयुष्य समुद्रातल्या तेलविहिरींवर गेलं. पन्नाशी जवळ आली तशी घराजवळ यावंसं वाटलं, म्हणून पेणच्या या लहानशा सल्लागार कंपनीत आलो. सर वयाने माझ्याहून लहान. ऑफिसात बाकी सगळ्यांना अहो, मला अरे.

घराजवळ आलो, पण घरी जात नव्हतो. माझं घर रोह्याच्या बाजूला, डोंगराखालच्या कातकरवाडीत. माझा जन्म वीटभट्टीवरचा. पेणच्या सोसायटीत, ऑफिसात, कोणाला हे मी सांगितलं नव्हतं. ऑफिसच्या कागदावर माझी जात होती. वाडी नव्हती.

काम रोह्याकडच्या एका रसायनाच्या कारखान्याचं होतं. त्यांना आपलं घाण पाणी खोल बोअरमधून खडकाखाली ढकलायचं होतं. ते खाली गेल्यावर कुठे जाईल, हे आधी संगणकावर बघायचं. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायचं. दोघांपैकी कुठलं घ्यावं हे सांगणाऱ्या अहवालावर नाव माझं लागणार होतं, कारण असलं काम आयुष्यभर केलेला ऑफिसात मी एकटाच.

पहिलं सॉफ्टवेअर वेगवान. चहा पिऊन होईतो उत्तर. चित्रं देखणी. पण ते सगळा खडक एकसारखा धरायचं. आंबोळीला सगळीकडे सारखी भोकं असतात ना, तसा. दुसरं संथ, दिसायला कळाहीन, अर्धा दिवस खाणारं. पण ते कातळाचा हिशेब वेगळा करायचं आणि कातळातल्या भेगांचा वेगळा. आमच्याकडचा कातळ काळा, तडकलेला. पाणी जातं ते भेगांतून. हे सरांनाही माहीत होतं. तरी त्यांना पहिलं हवं होतं.

दोन्हींवर चालवायला एकच मॉडेल मी तयार करत होतो. सर मागे येऊन उभे राहिले. नकाशातल्या डोंगराकडच्या कोपऱ्यावर त्यांनी पेन फिरवलं.

"हा भाग काढून टाक. उगाच वेळ खाईल. तिकडे कोणी नाही ना?"

मी नकाशा बघितला. वहाळ, म्हणजे आमचा ओढा, दिसत होता. वहाळाच्या वळणावर आमची वाडी. नकाशात तिचं नाव नव्हतं.

"नाही, सर," मी म्हणालो.

का म्हणालो? आहे म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत. मग सांगावं लागलं असतं. कुडाचं घर, भट्टीवरची आई, सगळं त्या टेबलावर काढावं लागलं असतं. आणि ते हसले असते. एका हसण्याला भिऊन मी अख्खी वाडी नाही म्हणालो.

या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीचे ठोकळे पाडतात. ज्याचा हिशेब करायचा त्या ठोकळ्याला एक. ज्याचा करायचा नाही त्याला शून्य. शून्यवाल्याला निष्क्रिय म्हणतात. तिथे पाणी शिरत नाही. दाब पोचत नाही. काही घडतच नाही. पडद्यावर तो ठोकळा दिसतसुद्धा नाही.

माझ्या हाताने मी वाडीला शून्य दिलं. बहिणीच्या घराला शून्य. वहाळाला शून्य. आईला पुरलं त्या जागेला शून्य.

मग वैशाखात वाडीवर गेलो. काहीतरी टोचत होतं म्हणून. वडखळ, नागोठणे, पुढे रोहा. गाडी बांधावर लावली तर शेजारची म्हातारी ओरडली, "सोमे गो, तुजा सायेब आलाय. खुर्ची हाय का घरात?"

सोमी माझी बहीण. हंडा घेऊन वहाळाकडूनच येत होती. मला बघून हसली. तिला काहीतरी दाखवायचं होतं. हंडा खाली ठेवून मला ओढतच घेऊन गेली.

"दादा, औंदा पानी आटलाच नाय. वर येतोय. बघ."

वैशाखात आमचा वहाळ कोरडा पडतो. मग बाया वाळूत खड्डा खणतात. त्याला डवरा म्हणतात. त्यात पाणी झिरपायची वाट बघत बसायचं आणि करवंटीने हंडा भरायचा. आईबरोबर मी असा पुष्कळ बसलोय. या वर्षी डवरा काठोकाठ होता. वरून वाहत होता. पाऊस नाही, ढग नाही. काठावर बायांनी हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडला होता. देवी पावली, सोमी म्हणाली.

मी खाली बसलो. डवऱ्याच्या तळातून पाणी वर ढकललं जात होतं. वाळूचे कण जागच्या जागी नाचत होते. पाणी थंड, स्वच्छ. खालून दाब असल्याशिवाय पाणी असं उसळत नाही. डोंगरापलीकडच्या त्या कारखान्याने बोअरमध्ये साधं पाणी दाबून चाचणी सुरू केली होती. हे मला माहीत होतं. वाडीत कोणाला माहीत नव्हतं.

सोमीने लोटा भरून दिला. मी तो नाकाशी नेऊन हुंगला.

"पी ना. का बाटलीचा आनलास संगती?"

मी प्यायलो. गोड होतं. तिला काही सांगितलं नाही. वाडी खुशीत होती. मी गाडीत बसलो आणि पेणला आलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. कोपऱ्यातल्या शून्यांच्या जागी एक घातले. बोअर खणताना सापडलेल्या भेगा घातल्या. चालू केलं आणि बसून राहिलो. ऑफिसखालच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती वाळत होत्या, त्यांचे डोळे अजून आखले नव्हते. खिडकीतून त्याच दिसत होत्या. दुपारी उत्तर आलं. बोअरपासून दाबाची एक लाल रेघ निघाली होती. एका भेगेतून, डोंगराखालून, सरळ. बोट दाखवावं तशी. ती वहाळाच्या वळणावर येऊन थांबली होती.

पहिल्या सॉफ्टवेअरवर तेच चालवलं. कारखान्याच्या खाली एक गोल डाग. शांत. कुठेही न जाणारा.

आज तिथे साधं पाणी होतं. उद्या दुसरं जाणार होतं. ते पाणी कारखान्याच्या गटाराकडेला सांडतं तिथलं गवत मी बघितलंय. जळलेलं.

मी सरांना दाखवलं. त्यांनी लाल रेघेवरून बोअरपासून वहाळापर्यंत पेन फिरवलं. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. मग त्यांनी माझा लॅपटॉप मिटला.

"आपण सॉफ्टवेअर निवडतोय. गाव नाही."

दाराशी जाऊन वळले. आवाज अगदी मऊ.

"आणि तूच म्हणालास ना, तिकडे कोणी नाही?"

नंतर रोह्याला कारखान्यातच बैठक झाली. गार खोली. प्रत्येकासमोर पाण्याची बंद बाटली. सरांनी आधीच जाहीर केलं की पहिलं सॉफ्टवेअर योग्य आहे. मॉडेल तेच जुनं, कोपरा कापलेलं. मग मला पुढे बोलावलं.

"आमचा हा माणूस चालवून दाखवेल. ह्याला जमलं म्हणजे कोणालाही जमेल."

तेच वाक्य. तेच हसू. माणसं तेवढी वेगळी. पडद्यावर कारखाना होता, बोअर होती, आणि डोंगराकडचा कोपरा नव्हता. मी माउसवर हात ठेवला. डवऱ्याच्या तळातले ते नाचणारे कण दिसायला लागले. मी हात काढून घेतला.

"मला जमणार नाही, सर."

त्यांना वाटलं मशीन अडलं. त्यांनी विचारलं, काय झालं.

"काही अडलेलं नाही. मी हे चालवणार नाही. या कोपऱ्यात माझी वाडी आहे. मी कातकरी आहे. तिथे माझी बहीण पाणी भरते. तिथलं शून्य मी घातलंय आणि ते खोटं आहे. तुमच्या चाचणीचा दाब तिथे पोचलाय. वर आलेलं पाणी मी प्यायलोय."

कोणी हसलं नाही. एक साहेब बाटली उघडत होते, त्यांनी झाकण परत घट्ट केलं. सर म्हणाले की मी घरच्या अडचणींमुळे जरा अस्वस्थ आहे. मग त्या साहेबांनी मला नाही, सरांना विचारलं.

"दुसरं कोणी आहे का चालवायला?"

होतं. मी उठलो, दुसरं कोणी बसलं, माउस हलला, गोल डाग उमटला. सर खोटं बोलत नव्हते. ते काम कोणालाही जमण्यासारखंच होतं. बराच काळ ते मलाही जमलं होतं.

पहिलं सॉफ्टवेअर घेतलं गेलं. मला काढलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

वाडीवर येऊन मी सोमीला सगळं सांगितलं. मी घातलेल्या शून्यासकट. हे पाणी आता पिऊ नको, म्हणालो. तिने रिकामा हंडा माझ्यापुढे ठेवला.

"मंग काय पियाचा?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "येवडा शिकलास नि आमचा पानी बंद कराया आलास?" दोन घरांतल्या बाया डवऱ्यावर जायच्या थांबल्या आहेत. बाकीच्या जातात. त्यांना मी दोष देत नाही. वाडीत कोणी नाही, असं म्हणणारा पहिला मीच होतो.

आता मी सोमीच्या पडवीत राहतो. लाल रेघेचं चित्र घेऊन रोह्याच्या, पेणच्या कचेऱ्यांत जातो. खुर्चीतला माणूस विचारतो, कंपनीने पाठवलंय का. नाही, वाडीने, मी म्हणतो. वाडीने पाठवलेलं नाही. अजून तरी नाही. दिवस मावळायच्या आत मी परत येतो आणि डवऱ्यात काठी रोवून बघतो. पाणी वर येतंय. साध्या पाण्याची चाचणी संपत आली, असं कारखान्यात मजुरीला जाणारे सांगतात. पुढे काय सोडायचं ते ठरलेलं आहे.

ज्या दिवशी ते सोडतील त्या दिवशी मी बोअरच्या तोंडावर बसलेला असेन. एकटा असलो तरी. तिकडे कोणी नाही ना, असं तिथे कोणी विचारलं, तर त्याला माझ्याकडे बघूनच विचारावं लागेल.